हेर विबेंनी परत घेतलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून त्याला हवा तो आकार देणं, हे माझं काम. वयाची साठी केव्हाच ओलांडली. अंगावरचा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे आणि सुरू होताना मी जरा कुरकुरतो. पण माप म्हणाल तर केसभरही चुकत नाही. एवढी बढाई मला मारू द्या.

माझा जन्म जर्मनीतला. पहिल्या मालकाला माझा कंटाळा आला, तेव्हा तिथल्याच नेकारसुल्मजवळच्या एका गावात पेटर विबे नावाच्या तरुणाने मला घेतलं. तो कझाकस्तानातून आईवडिलांसह नुकताच आला होता. विबे कुटुंब मेनोनाइट. हा ख्रिस्ती लोकांचा एक पंथ आहे. ही माणसं हत्यार हातात धरत नाहीत आणि शपथही घेत नाहीत. ‘हो’ म्हटलं की हो आणि ‘नाही’ म्हटलं की नाही, त्यापुढे शपथ कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं.

एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी पंपांचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. बघता बघता शेडचा कारखाना झाला, चाळीस माणसं आली, पेटरचे ‘हेर विबे’, म्हणजे विबेसाहेब झाले. शनिवारी मात्र कारखाना वेगळाच दिसायचा. त्यांच्या चर्चची मंडळी बिनपगारी कामाला यायची. बाया शेजारच्या खोलीत गोधड्यांना दोऱ्याच्या गाठी मारायच्या, पुरुष हातपंपांचे भाग बनवायचे आणि सगळे मिळून चार सुरांत गायचे. ते पंप आणि त्या गोधड्या आफ्रिकेतल्या कोरड्या गावांना जायच्या. वर्तमानपत्रवाले फोटो काढायला आले की हेर विबे माझ्या मागे जाऊन उभे राहायचे. म्हणायचे, “काम याने केलंय.” मला फार बरं वाटायचं.

मग कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली आणि मी भिंतीला लागलो. माझ्यावर कुणी जाकीट टाकायचं, कुणी कॉफीचा कप ठेवायचं. फक्त एखादा नमुना कापायचा असला की माझी आठवण व्हायची. त्या दिवसांत माझी विचारपूस करणारी एकच, नागपूरची उत्कर्षा. ती इथे ड्रॉइंग तपासायची. येता जाता माझ्या बेडवर, म्हणजे लोखंडी पाठीवर, तेलाचा हात फिरवायची.

गेल्या वर्षी कारखान्याचे दिवस वाईट आले. मोटार कारखान्यांकडून येणारं काम आटलं. आणि तेव्हाच एक मोठी ऑर्डर चालून आली. पोलादी रिंगा, हजारोंनी, सलग तीन वर्षं. हेर विबेंनी ती घेऊन आलेल्या माणसाशी कारखान्याच्या अंगणातच हात मिळवून ‘हो’ म्हटलं. रिंगा कशासाठी, हे त्यांनी विचारलंच नाही. समोरच्याच्या शब्दावर शंका घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. नवी यंत्रं भाड्याने आली आणि नमुन्याच्या चाळीस रिंगा मी कापल्या. इतक्या दिवसांनी काम मिळालं म्हणून मी अगदी जीव ओतून कापल्या हो!

पुढच्या आठवड्यात माप जुळवण्यासाठी पूर्ण जोडणीचं ड्रॉइंग आलं. उत्कर्षा ते घेऊन माझ्याजवळच उभी होती. तिने शेजारच्या केतनला जवळ बोलावलं.

“केतन, ही रिंग कुठे बसते बघ. तोफगोळ्याच्या टोकात.”

केतन दोन महिन्यांपूर्वीच पुण्याहून आला होता. त्याने ड्रॉइंग पाहिलं आणि हळूच घडी घातली.

“उत्कर्षाताई, तू हे पाहिलंच नाहीस असं समज ना. ऑर्डर गेली तर पहिला मी जाणार. माझा व्हिसा या नोकरीच्या फेरट्रागवर, करारावर आहे गं. बायकोचं तिकीट काढलंय मी!”

“माझंही घर यावरच चालतं रे. पण त्या माणसाने आयुष्यभर बंदूक धरली नाही. त्याच्या हातून हे नकळत व्हावं आणि मला माहीत असावं? मला नाही जमणार.”

ती गेली आणि हेर विबेंना घेऊनच आली. त्यांनी कागद पाहिला. मग माझ्यावरची एक रिंग उचलली आणि कागदावरच्या तिच्या जागेवर ठेवून पाहिली.

“मी ‘हो’ म्हटलंय, फ्राऊ उत्कर्षा. सत्तर वर्षांत मी शब्द मागे घेतलेला नाही.”

“मग पहिल्यांदा घ्या, हेर विबे,” ती म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः ऑर्डर देणाऱ्यांकडे जाऊन शब्द परत घेऊन आले. तिकडे त्यांना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. आल्यावर त्यांनी चाळीसही जणांना माझ्याभोवती गोळा केलं. “चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं. आता आपल्याला कमी दिवस काम मिळेल. पण काढणार कुणालाच नाही, आणि सगळ्यात आधी माझा पगार बंद,” असं ते म्हणाले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. दोघे तर तिथल्या तिथे नोकरी सोडून गेले. केतन मान खाली घालून उभा होता, पण गेला नाही.

भाड्याची यंत्रं परत गेली. हेर विबे सकाळी सहाला निळा डगला चढवून माझ्यापाशी येऊ लागले. पंपांची छोटी छोटी कामं आम्ही दोघं उरकतो. त्या चाळीस रिंगांचं काहीतरी चांगलं करावं अशी माझी फार इच्छा होती, पण त्यांचं माप कशालाच जुळेना. शेवटी त्या भंगारात गेल्या.

मागच्या महिन्यात पुन्हा एक ऑर्डर आली. चांगली होती आणि आम्हाला कामाची नड होती. हेर विबे हात पुढे करणार, तेवढ्यात केतन मध्ये आला. त्याची बायको आदल्याच आठवड्यात आली होती. त्याने पाहुण्यांना विचारलं, “हा भाग कुठे बसणार आहे?”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल द्या, धूळ पुसा, आमच्यावर कप ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण एवढ्यावर थांबू नका. पात्यापुढे जे येईल ते मी कापतो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. विचारत जा.