ना ताजी, ना जुनी

माझी आत्या सदतीस वर्षं सिगार वळते आहे, आणि सदतीस वर्षं एकाच गोष्टीवर अडून बसली आहे: सिगार ताजीच चांगली. सकाळी वळावी, दुपारी ओढावी. कोणी म्हणालं की ठेवलेली जास्त मुरते, तर ती फणकारायची, "मुरायला ते काय लोणचं आहे?"

माझ्यामुळे अख्खा कारखाना तिला आत्याच म्हणतो. थोरले मालकसुद्धा म्हणायचे. त्यांना पाच वर्षं ठेवलेली सिगार आवडायची, त्यामुळे दोघांची रोज जुंपायची आणि रोज हसण्यावारी जायची. पुढे थोरल्यांनी अंथरूण धरलं आणि कारभार त्यांच्या जावयाकडे आला. आम्ही पाठीमागे त्यांना 'जावईबापू' म्हणतो.

एकदा एक व्यापारी माल बघायला आले. त्यांना जुनी सिगारच हवी होती. जावईबापू त्यांना आमच्या दालनात घेऊन आले आणि खिडकीजवळच्या आत्याच्या टेबलावर एक पेटी उघडली. प्रत्येक सिगारवर सोनेरी पट्टी, पट्टीवर छापलेलं: पाच वर्षं.

"आत्याबाई, सांगा साहेबांना, पाच वर्षांनी काय चव येते ती."

आत्यानं हात एप्रनला पुसले. एक सिगार उचलून कानाशी हलकेच दाबली, मग नाकाशी धरली. तिचा चेहरा बघून शेजारच्या टेबलावर माझी सुरी थांबली.

"ही पाच वर्षांची नाही. दोन महिन्यांची आहे."

जावईबापू मोठ्यानं हसले. "यांना जुनी सिगार आवडतच नाही, साहेब. फार वर्षांचं भांडण आहे ते."

"आवडनिवड राहू द्या बाजूला," आत्या म्हणाली. "साहेब, वास घ्या. झोंबतो ना नाकाला? वळली त्या दिवशी सिगार गोड असते. मग काही महिने आजारी पडते, असा उग्र वास मारते. त्यातून उठली की वर्षा-दोन वर्षांनी तुम्हाला आवडते तशी होते. ही अजून आजारी आहे. आणि हे टोक माझ्या हातचं आहे. माझं मला कळतं."

"तोंड आवरा," जावईबापू दबक्या आवाजात म्हणाले. "जागा जाईल."

"जागा तुमची, घ्या परत. माझ्या हातची सिगार आजवर खोटं बोलली नाही. आता या वयात मी तिला शिकवणार नाही."

व्यापाऱ्यांनी वास घेतला आणि डोळे चोळले. मग विचारलं, "तुमच्या मते चांगली कोणती?"

आत्यानं नुकतीच वळून झालेली त्यांच्या हातात दिली. त्यांनी पेटवली, सावकाश दोन झुरके घेतले. सगळं दालन त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"नाही आवडली," ते म्हणाले. "कच्ची वाटते."

आत्या खळखळून हसली. "जीभ तुमची! पण नावडती का होईना, खरी मिळाली ना?"

व्यापारी पेटी तिथेच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आत्याचं टेबल जागेवर नव्हतं. जावईबापूंनी तिला तळघरात पानांच्या शिरा काढायला जायला सांगितलं. तिथे नवशिके बसतात. आत्या स्टूल ओढून माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पान पसरलं.

"तिला उठव," जावईबापू मला म्हणाले.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी खाली मान घातली. मग माझी पानं अलीकडे ओढली आणि म्हणाले, "अर्धं टेबल पुरतं मला."

मागून कोणीतरी सुरीची मूठ टेबलावर आपटली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनीच. जावईबापू काहीतरी ओरडत होते, पण ऐकू कोणाला येणार!

त्या दिवसापासून सोनेरी पट्ट्या लावायला कोणी हात पुढे करेना. पट्ट्यांचे गठ्ठे कोपऱ्यात पडून राहिले. आत्यानं आणि मी कोपराला कोपर लावून आठ दिवस काम केलं. नवव्या दिवशी सकाळी बघतो तर टेबल खिडकीजवळ परत आलेलं. जावईबापू दारात उभे होते, भलतीकडेच बघत.

आत्यानं टेबलाला चारी बाजूंनी फेरी मारली, कडेवर हात ठेवून हलवून बघितलं.

"नेताना पाय ढिला केलात," ती म्हणाली. "सुताराला बोलवा. तोवर मी इथंच बसते."

आणि ती पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली.