परातीतल्या चकत्या

यशोधनने सत्तर सालची, दांडग्या इंजिनाची निळी मसल कार घरी आणली, तेव्हा चारुताने एकच विचारलं होतं, "म्हणजे ही आत राहणार आणि माझी बाहेर?"

"थोडेच दिवस गं," यशोधन म्हणाला.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधले हे थोडेच दिवस दोन हिवाळे चालले. गॅरेजचा अर्धा भाग ट्रेडमिल आणि खोक्यांनी आधीच बळकावलेला. उरलेल्या अर्ध्यात निळी. चारुता रोज सकाळी आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची, तेही नेमकं बेडरूमच्या खिडकीखाली आणि गरजेपेक्षा जरा जास्त आवाज करून.

चारुता सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा तिला ऑफिसात पगार मिळतो, घरी तेच काम ती हौसेने करते. यंदा तिने अट घातली. "पहिला बर्फ पडला की तुझ्या गाडीने आपला ड्राइव्हवे स्वतःच्या जोरावर चढून दाखवायचा. नाही चढली तर सिद्धेशला देऊन टाक. तो कधीचा मागतोय."

सिद्धेश म्हणजे यशोधनचा कॉलेजमधला रूममेट. राहतो ओहायोतल्या डब्लिनला. निळीचा फोटो पाहिल्यापासून त्याला नीट झोप नव्हती. आणि दुरुस्तीला मदत करायला यशोधनने बोलावलं कोणाला, तर यालाच. कारण हत्यारं सगळी त्याच्याकडे. गाडी दुरुस्त झाली की मैत्री जमा, बिघडलेलीच राहिली की गाडी जमा. असा दोन्हीकडून फायद्यात असलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळी हसतमुखाने दारात उभा राहिला.

दुखणं मागच्या ॲक्सलमध्ये होतं. साध्या गाडीचं एक चाक बर्फावर आलं की इंजिनाची सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकालाच मिळते. ते जागच्या जागी गरगरतं आणि धड जमिनीवरचं चाक नुसतं बघत बसतं. घरातल्या उनाड भावाचे लाड होतात, तसंच. निळीत यावर इलाज होता, लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. त्यात पोलादी चकत्यांची चळत असते. त्या एकमेकींना घट्ट दाबून धरतात आणि दोन्ही चाकांना कामाला लावतात. निळीच्या चकत्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. यशोधनने नव्या मागवल्या. बसवण्याआधी त्या खास तेलात रात्रभर भिजवायच्या असतात. तेलाचा वास असा, की जळक्या रबराला लसणीची फोडणी दिल्यासारखा.

"पसरट भांडं लागेल," सिद्धेश म्हणाला.

यशोधनने स्वयंपाकघरातून एक परात उचलून आणली. इथे घात झाला. परात अहिल्याकाकूंची होती.

अहिल्याकाकू म्हणजे चारुताची आई. नागपूरहून येताना बॅगेत कपडे नंतर आणि ही परात आधी, अशा आलेल्या. डिशवॉशरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मशीनमधून निघालेली भांडी त्या पुन्हा हाताने घासतात. शनिवारी सकाळी भाकऱ्या करायला परात दिसेना. शोधत शोधत त्या गॅरेजमध्ये गेल्या, तर त्यांच्या परातीत काळं, घाणेरडं तेल आणि त्यात गोल गोल ताटल्या. "काय ही मुलं!" असं म्हणत त्यांनी तेल एका डब्यात ओतून कचऱ्यात टाकलं, चकत्या साबण लावून लख्ख घासल्या, पुसल्या आणि भोकाच्या वेगळ्या, दात्यांच्या वेगळ्या अशा रचून ठेवल्या. मग परात घासून भाकऱ्या थापल्या.

पोरं उशिरा उठली. भाकरी खाताना चारुता सहज म्हणाली, "आई, गॅरेजमधल्या त्या चकत्यांना हात लावू नकोस हं. तेलातून काढल्या तर गाडी गेलीच समज."

काकूंचा घास तिथेच थांबला. जावयाची वस्तू! सासूने बिघडवली! अजून एक भाकरी आणते म्हणून त्या उठल्या, त्या परातीसकट गॅरेजमध्ये गेल्या. चकत्या तेलातच हव्या ना? मग घ्या तेल. सूर्यफुलाच्या तेलाची नवी बाटली त्यांनी परातीत उपडी केली.

यशोधनला सर्दी झाली होती, त्यामुळे त्याला काहीच कळलं नाही. सिद्धेश मात्र गॅरेजच्या दारातच थबकला. कालचा दुर्गंध गायब होता आणि हवेला शेव तळायच्या आधीचा वास होता. त्याने परातीत बोट बुडवून नाकाशी नेलं. मागे वळून पाहिलं, तर दारात अहिल्याकाकू. पदर तोंडाला, डोळे विनवणीचे.

"चल रे, बसवून टाकू," नाक ओढत यशोधन म्हणाला आणि त्याने पहिली चकती उचलली.

सिद्धेशने काही बोलायची गरजच नव्हती. दुपारपर्यंत चकत्या आत गेल्या असत्या, पहिल्या बर्फात उजवं चाक गरगरलं असतं आणि निळी डब्लिनला आली असती. पण पोटात काकूंच्या भाकऱ्या होत्या, आणि भाकरीवर न मागता पडलेला लोण्याचा गोळा होता.

"थांब यशा. माझीच चूक झाली यार. सकाळी परातीला माझा पाय लागला, तेल सांडलं. तुला कळू नये म्हणून किचनमधलं ओतलं."

"किचनमधलं?" यशोधनने चकतीकडे आणि मग मित्राकडे पाहिलं. "सिद्ध्या, चकल्या तळायच्यात का? सरळ सांग ना, गाडी पाहिजे म्हणून! शत्रूला घरात घेतलं मी!"

"शत्रू तर शत्रू. पण उद्या शत्रूच बसवून देईल. आण पुन्हा ते खरं तेल."

चकत्या पुसून पुन्हा भिजल्या, या वेळी जुन्या बेकिंग ट्रेमध्ये. सिद्धेशने सोमवारची सुट्टी टाकली. दिवसभर शिव्या यशोधनच्या खाल्ल्या आणि पुरणपोळ्या काकूंच्या. जाताना काकूंनी भाजणीचा डबा त्याच्या गाडीत स्वतः नेऊन ठेवला.

नोव्हेंबरात बर्फ पडला. चारुताने आदल्या संध्याकाळीच ड्राइव्हवेच्या उजव्या बाजूला बादलीभर पाणी ओतून ठेवलं होतं. सकाळी तिथे बर्फाची काच झाली होती.

"ही चीटिंग आहे," यशोधन म्हणाला.

"हे टेस्टिंग आहे," चारुता म्हणाली.

निळी गुरगुरली. उजवं चाक काचेवर किंचित चळलं, तेवढ्यात डाव्याने जमीन पकडली, आणि गाडी आरामात वर आली. पांढऱ्या बर्फावर दोन स्वच्छ काळे पट्टे उमटले. यशोधन खाली उतरून नाचायचाच बाकी होता.

"छान! पास," चारुता म्हणाली. "म्हणजे बर्फाची हिला भीती नाही. मग हिला आतली जागा कशाला? आजपासून माझी गाडी आत."

"अगं, रस्त्यावर मीठ टाकतात! गंजेल ती!"

"मग कव्हर घाल. माझी दोन वर्षं बाहेरच होती ना?"

यशोधन बर्फात उभा राहून निळीच्या बॉनेटवरून हात फिरवत राहिला. खिडकीतून अहिल्याकाकू सगळं पाहत होत्या. त्यांनी तावदान जरासं वर केलं.

"यशोधनराव, एक सुचवू का? रस्ते कोरडे झाले की हिवाळ्यापुरती सिद्धेशकडे नेऊन ठेवा की. त्याचं गॅरेज रिकामंच आहे म्हणत होता."

"त्याच्याकडे? आई, त्याने माझ्या चकत्या तेलात घातल्या होत्या, सूर्यफुलाच्या!"

"पोरगा मनाने चांगला आहे हो," काकू म्हणाल्या आणि घाईघाईने खिडकी लावून घेतली.