पगडी कोनाच्या डोक्यावर

रोशनीचे बाबा गेले त्या दिवशी बाबुलालभाऊजी भिलाई-तीनवरून आले अन् खूप रडले. दुसऱ्या खेपेले आले तं टेप घेऊन घराचं माप घेऊन राहिले. मी म्हटलं, बाप्पा, हे काय? तं म्हणे, "तेरवीचा मंडप कुठवर येते ते पाहून राहिलो, वहिनी." मंडप कधी बेडरूममंदी लागते का?

हे माये धाकटे दीर. आमाले एकच पोरगी, रोशनी. दवाखान्यात नर्स आहे. रिसालीचं हे घर तिच्या बाबानं स्टील प्लांटच्या नोकरीवर बांधलं. भाऊजीच्या हिशोबानं पोरीचं घर म्हंजे उद्या जावयाचं घर. म्हून त्यायनं समाजात सांगून टाकलं, तेरवीले पगडी माया गोलूले बांधाची. गोलू त्यायचा पोरगा.

भाऊजी म्हणे, "पगडी ज्याच्या डोक्यावर, घराचा कर्ता तो. लेनं-देनं सगळं त्याचं. बापजाद्यापासून चालत आलं."

समाजातल्या बुढ्यायनं माना डोलवल्या. कागदावर नाव कोनाचं बी असो, पगडीवाला पोट्टा एकदा घरात घुसला तं त्याले काढता काढता माया जीव जाईन. मढ्याच्या टाळूवरचं लोनी खानारे म्हंतेत ना, ते हेच.

रोशनी चिडली. "आई, तू कुछ बोलती क्यों नहीं?" मी म्हटलं, तेरवी तं होऊ दे.

तेरवीले गोलू पाटावर बसला. समाजाच्या अध्यक्षानं पगडी बांधली. गोलूनं पहिले आपला फोटो काढला. मंग मी मंडपवाल्याले, आचाऱ्याले अन् लाकडाच्या टालवाल्याले पुढं बोलावलं.

"भाऊ, हा घराचा कर्ता. बिलं याले द्या."

तिघायनं बिलं पुढं केली. गोलू म्हणे, "पापा, ये क्या है?"

"देनं आहे, बेटा," मी म्हटलं. "लेनं-देनं म्हटलं ना तुया बाबानं? हे झालं का वर्षश्राद्ध आहे. मंग रोशनीचं लग्न. अन् माया गुडघ्याचं ऑपरेशन."

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणे. "कर्त्यालेच करा लागते."

गोलूले एकदम गरमी होऊ लागली. त्यानं पगडी काढून पाटावर ठेवली अन् हवा खाले बाहीर गेला तो गेलाच.

पगडीले कोनी हात लावेना. मंग रोशनी आली अन् पाटावर बसली. "मुझे बांधो. बाबा मेरे थे."

बुढे एकमेकायकडे पाहून राहिले. भाऊजी बिलायकडे. शेवटी अध्यक्षानं बांधली. आता कुठं भाऊजीच्या तोंडावर रंग आला. मंडपवाल्याले म्हणे, "लो, अब इससे लो पैसा."

"हमारा तो सबेरे ही हो गया, भैया. तीनों का. बिटिया ने दे दिया."

"तो बिल काहे को दिखा रहे थे?"

"भाभी बोली थी, दिखाना है."

मी म्हटलं, जेवून घ्या भाऊजी, बुंदी गरम आहे.

अन् रोशनीकडे पाह्यलं. पगडी तिच्या कपाळावर उतरली होती. थेट बाप. तवा मले असं रडू फुटलं का वाढनारे बी थांबले. एवढे दिवस घर राखाच्या धाकात मानसासाठी रडाची सवडच भेटली नव्हती मले.