जिंकलेली लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाल गाडी आहे. जुनी म्हणजे अवघी सहा वर्षांची. माझा रंग अजून उडालेला नाही, इंजिनात खोट नाही, आणि चालले आहे तेही फार नाही. तरीही गाड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात, पत्र्याच्या कुंपणाला टेकून मी उभी आहे. माझ्या काचेवर त्याने मोठ्या अक्षरांत 'स्पोर्टी' असं लिहिलेलं आहे. या एका शब्दापायी काय काय झालं, ते तुम्हाला सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला माझा फार अभिमान होता. लहानशी, ठेंगणी, रुंद टायरांची, मागून उतरत आलेल्या टपाची मी गाडी. मागची काच अगदी चिंचोळी, कारण तशी ती दिसायला झोकदार दिसते. मला एका शोरूममध्ये दर्शनी भागात उभं केलं. रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम होतं आणि तिथे बरोबर माझ्यासमोर एक निळी गाडी होती. तीही लहान, तीही चपळ म्हणवणारी. लोक आधी तिच्याकडे जायचे, मग माझ्याकडे यायचे, नाहीतर उलट. दिवसभर आम्ही दोन काचांमधून एकमेकींकडे बघत असू. मला ती मुळीच आवडत नसे.

एके दिवशी एक कुटुंब आलं. नवऱ्याचा छापखाना होता, घरापासून दोन गल्ल्यांवर, चालत जाण्यासारखा. बायको परिचारिका होती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात तिची नोकरी. अठरा किलोमीटर जायचं, अठरा यायचं, वाटेत अकरा सिग्नल आणि सकाळी सातला हजर. गाडी घ्यायची होती ती याच कामासाठी. सोबत तिचे सासरे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आयुष्यभर बस चालवून ते निवृत्त झाले होते.

छापखानेवाल्याने महिनाभर अभ्यास केला होता. माझी आणि निळीची तुलना त्याने जाड कागदावर, दोन रंगांत छापूनच आणली होती. बावीस ओळी होत्या त्यात. ताकद, वेग, टायर, वळणावरची पकड, आवाज. विक्रेताही तो तक्ता बघून चाट पडला.

बाईंनी मला चालवून पाहिलं. पहिल्याच सिग्नलला त्या थांबल्या, निघाल्या, पुन्हा थांबल्या.

"क्लच जड आहे हो," त्या म्हणाल्या.

"सवय होते, मॅडम," विक्रेता म्हणाला. "स्पोर्टी गाडीला असाच लागतो."

"ऐकलंस ना?" नवरा म्हणाला.

मग ते समोर गेले. बाई निळीत बसून फेरी मारून आल्या, आणि उतरण्याआधी मान वळवून त्यांनी मागे पाहिलं. त्या हसल्या. रस्त्याच्या या बाजूने मी ते हसू पाहिलं आणि माझ्या अंगाची लाही झाली.

परत माझ्यापाशी येऊन त्या म्हणाल्या, "अहो, तिच्यात मागचं सगळं दिसतं. आपली गल्ली बंद आहे, रोज मागे घेतच गाडी लावावी लागणार. आणि तिच्यात पाय दमत नाही."

"अगं, पण ती शून्यावरून शंभरावर जायला दीड सेकंद जास्त घेते!"

"मला शंभरावर जायचं नाहीये. मला सातला कामावर जायचंय."

विक्रेता हसला. नवराही हसला, आणि ते बोलणं विनोदात निघून गेलं.

आबांनी एकदाच विचारलं, "अरे, रोज चालवणार कोण?"

"आबा, बस वेगळी आणि कार वेगळी."

आबांनी तो विषय तिथेच सोडला. मला घेतलं गेलं. हार मानलेल्या निळीसमोरून मी दिमाखात बाहेर पडले. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. बाईंना मी नको होते हे मला ठाऊक होतं. तरी मी खूश होते. मी जिंकले होते ना!

छापखानेवाला वाईट माणूस नव्हता. आपण बायकोला उत्तमातली उत्तम वस्तू दिली असं त्याला मनापासून वाटत होतं. दर रविवारी तो मला धूत असे, मेण लावून चमकवत असे. मग शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मला पळवून आणत असे. परतताना त्याचा चेहरा फुललेला असायचा.

"काय गाडी आहे! नावं ठेवायला जागा नाही," तो म्हणायचा. त्या रिकाम्या रस्त्यावर त्याला क्लच दोन-तीनदा दाबावा लागत असेल.

बाकीचे सहा दिवस मी बाईंची होते. सकाळी सहाला आम्ही निघत असू. जाताना अकरा सिग्नल आणि येताना अकरा. प्रत्येक ठिकाणी डावा पाय खाली, वर, पुन्हा खाली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या कडक स्प्रिंगांतून थेट त्यांच्या पाठीत जायचा. त्यांनी जुन्या ओढणीची घडी शिवून पाठीमागे एक उशी केली. सहा महिन्यांनी डावा गुडघा सुजू लागला. रुग्णालयाच्या आवारात पोहोचल्यावर त्या इंजिन बंद करायच्या, गुडघ्याला पट्टी गुंडाळायच्या, दोन मिनिटं डोळे मिटून बसायच्या आणि मग बाळांकडे जायच्या. तिथे लंगडायचं नाही असा त्यांचा पण असावा, कारण दार उघडताच त्यांची चाल सरळ व्हायची.

घरी त्यांनी गुडघ्याचं सांगितलं नाही असं नाही. दोनदा सांगितलं.

"व्यायाम कमी पडतोय तुझा," नवरा म्हणाला.

गल्लीत शिरताना मात्र आबा मदतीला असायचे. पायरीवरून उठून ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि डेपोत बस लावून घ्यावी तसे हात हलवायचे. "येऊ दे, येऊ दे, थांब!" त्यांच्या भरवशावर बाई मला मागे घ्यायच्या. माझ्या चिंचोळ्या काचेतून त्यांना आभाळाची एक पट्टी आणि समोरच्या घराचा सज्जा एवढंच दिसे.

दोन वर्षं अशी गेली. एके दुपारी आबा दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. बाई सलग दोन पाळ्या करून आल्या होत्या. गल्ली मोकळी दिसत होती. त्यांनी मान वळवून पाहिलं, दोन्ही आरसे पाहिले आणि मला मागे घ्यायला लागल्या. निम्म्यात आलो असू, आणि त्यांचा गुडघा दगा देऊन गेला. क्लचवरून पाय सटकला. मी एकदम मागे उसळले. काहीतरी चिरडल्याचा आवाज झाला.

बाई उतरल्या. माझ्या मागच्या चाकाखाली शेजाऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलीची तीनचाकी सायकल होती.

मुलगी पाणी प्यायला घरात गेली होती. तेवढ्यासाठीच गेली होती. ती दारात आली, पेला हातात तसाच, आणि सायकलकडे बघून रडायला लागली. तिची आई धावत आली आणि तिला पोटाशी धरून मटकन खालीच बसली. बाई माझ्या दाराला धरून उभ्या होत्या. ज्या हातांनी त्या दिवसभर मुठीएवढ्या बाळांना जपायच्या, ते हात त्यांनी पदराखाली लपवले.

नवरा छापखान्यातून धावत आला. त्याने आधी वाकून माझा मागचा बंपर पाहिला.

"एवढी गाडी दिली, आणि तुला धड मागे बघता येत नाही?"

"बघितलं होतं. दिसलं नाही."

"दिसत नाही म्हणजे काय? इतके लोक चालवतात!"

बाईंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. त्या आत निघून गेल्या. त्यानंतर माझ्या स्टीअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही.

त्या बसने जाऊ लागल्या. दोन बस बदलाव्या लागत आणि सातची वेळ काही गाठता येत नसे. मुख्य परिचारिकेने दोन महिने सांभाळून घेतलं. मग म्हणाली, बाळं कोणासाठी थांबत नाहीत. बाईंनाही ते पटलं. घराजवळच्या दवाखान्यात, चालत चार मिनिटांवर, नोंदणीच्या खिडकीवर त्यांना जागा मिळाली. एका संध्याकाळी माझ्याशेजारच्या पायरीवर बसून त्या आबांना सांगत होत्या, "तिथे बाळं बोट धरायची, आबा. सोडायचीच नाहीत. इथे लोक कागद पुढे करतात."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मी तेव्हा अजून थोडं बोलायला हवं होतं, सूनबाई," ते म्हणाले.

माझ्यावर आता कापड चढलं. रविवार तेवढा माझा उरला. मालक लोकांना सांगायचा, "बायकोच्या मनात भीती बसली. नाहीतर गाडी म्हणजे हिरा आहे!" मी कापडाखाली ते ऐकायचे. आधी मला अशा कौतुकाची नशा चढायची. आता ते कौतुक नकोसं वाटायचं.

मग एका संध्याकाळी बाईंची कक्षातली जुनी मैत्रीण भेटायला आली. ती गाडी घेऊन आली होती. गल्लीच्या तोंडाशी निळा रंग दिसला आणि मी ओळखलं. शोरूममधली तीच नसेल, पण त्याच जातीची.

मैत्रीण काच खाली करून ओरडली, "बाई गं, या बोळात मला नाही जमायचं! तूच लाव."

बाई नको नको म्हणाल्या. मैत्रीण उतरून बाजूला उभीच राहिली. शेवटी बाई बसल्या. पायरीवर नवरा होता, आबा होते. माझ्यावर त्या दिवशी कापड नव्हतं, म्हणून मलाही सगळं दिसलं. बाईंनी एकदा मान वळवली, आणि निळी गाडी संथपणे, सुईत दोरा ओवावा तशी मागे येत माझ्याशेजारी लागली. एका दमात. आबांना हात हलवायची संधीच मिळाली नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नवरा उठून आला. "मागे कॅमेरा असेल हिला."

"नाही. काच मोठी आहे," बाई म्हणाल्या. "आणि क्लच हलका आहे."

त्याने आळीपाळीने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. "मग तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोलले होते."

मैत्रिणीने खाली पाहिलं. नवरा माझ्या टपावर उगाच हात फिरवू लागला, मग जणू चटका बसल्यासारखा त्याने तो काढून घेतला. त्या दिवसापासून त्याला मी डोळ्यांसमोर नकोशी झाले. महिन्याभरात तो लोकांना सांगू लागला, "गाडीच तसली. कंपनीने फसवलं." हिरा होते ती मी अशी खोटी ठरले. पण मी तर पहिल्या दिवसापासून होते तशीच होते, मित्रांनो. माझा क्लच पहिल्या दिवशीही जडच होता.

मला विकायचं ठरलं. एक जोडपं बघायला आलं. पुरुष माझ्याभोवती फिरला, टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाला. मालकाने माझे गुण सांगायला सुरुवात केली. त्याला ते तोंडपाठच होते. आलेली बाई जरा दूर, खांद्यावरची वह्यांची पिशवी सांभाळत उभी होती. ती लांबच्या शाळेत शिकवत होती आणि गाडी तिच्या जाण्यायेण्यासाठीच हवी होती.

आमच्या बाई दारात आल्या.

"ताई, रोज तुम्ही चालवणार का?"

"हो, मीच."

"मग आधी तुम्ही बसून बघा."

मालकाने डोळे वटारले. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. शिक्षिका माझ्यात बसली. तिने क्लच दोनदा, तीनदा दाबला. मागे वळून पाहिलं, मग सीट वर करून पुन्हा पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला होता. घ्या मला, असं ओरडावंसं वाटत होतं आणि घेऊ नका, असंही.

"नको," ती उतरून म्हणाली.

"अगं, पण इंजिन तर बघ..." तिचा नवरा म्हणाला.

"तुम्ही बघितलंत ना? मला नको."

ते निघून गेले. "हातातलं गिऱ्हाईक घालवलंस," मालक म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या.

शेवटी काहीही न विचारता घेऊन जाणारा हा व्यापारी आला. बॅटरी उतरली होती म्हणून मला दोर लावून ओढत नेणार होते. बाई फाटक उघडून धरायला आल्या होत्या. मालक त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता.

"आता ती निळीच घेऊ या. तुला आवडली होती ती. या वेळी तू म्हणशील तसं."

कक्षातली त्यांची जागा केव्हाच भरली गेली होती. नोंदणीची खिडकी चार मिनिटांवर होती.

"कुठे जायला?" बाईंनी विचारलं.

दोर ताणला गेला आणि मी हलले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना 'आमची निगा राखा' अशी विनवणी करतात. मी ती करणार नाही. माझी निगा उत्तम राखली गेली. दर रविवारी मला मेण लागत होतं, आणि त्याच अंगणात एक गुडघा सुजत होता. उद्या तुमच्या घरात रोज वापरायची एखादी वस्तू येईल. ती वस्तू रोज ज्याच्या हातात असणार, त्याला आधी विचारा. तो हळू आवाजात उत्तर देईल, कदाचित एकदाच देईल. ते हसण्यावारी नेऊ नका. मी ते हसण्यावारी गेलेलं पाहिलं आहे, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता.