निळ्या पेटीची सैल कडी

मी एक जुनी निळी शीतपेटी आहे, मित्रांनो. पण माझ्यात कधी सरबताची बाटली ठेवली गेली नाही. माझ्याबरोबर आणलेली माझी बहीण विद्यापीठाच्या उपाहारगृहात गेली. मी पशुवैद्यकांच्या प्रयोगशाळेत आले. माझ्या अंगावर लाल पट्टी चिकटली: ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत.’

आजारी जनावरांचे रक्त, मेलेल्या पाखरांचे नमुने बर्फात जपून आणायचे, हे माझे काम. साथ कोणती, अंडी-दूध खाण्याजोगे आहे का, हे त्यावरूनच कळे. अकरा वर्षे मला हातमोज्यांशिवाय कुणी शिवले नाही. जीपची मागची अख्खी सीट माझी एकटीची. परत आले की जंतुनाशकाची आंघोळ आणि फडताळाचा कोपरा. एकदा वेळेवर पोचलेल्या नमुन्यामुळे साथ एका शेडमध्येच थांबली. वर्तमानपत्रात फोटो आला, सूक्ष्मदर्शकाचा.

मग माझी कडी सैल झाली. मदतनीस काकांनी तीन अर्ज दिले. ‘दोरीने भागते का पाहावे,’ असा शेरा आला. काकांनी दोरी बांधली.

उन्हाळ्यात डॉक्टर आणि काका मला एका कोंबड्या पाळणाऱ्या मावशींकडे घेऊन गेले. सहाशे कोंबड्यांतल्या बारा मेल्या होत्या.

“डॉक्टर, बाकीच्या वाचतील ना?”

“कोणतं औषध लागू पडेल ते तपासणीत कळेल, मावशी. उद्या संध्याकाळी फोन करतो.”

मावशींनी माझ्या झाकणावर उघडा तळवा ठेवला. “नीट जा गं बाई.”

“अहो, आधी हात धुवा!” डॉक्टर ओरडले.

चार तासांच्या रस्त्यात खड्ड्यागणिक झाकण उचलले गेले. बर्फाचे पाणी झाले. प्रयोगशाळेतल्या ताईंनी आतली तापमापी पाहिली: एकवीस अंश.

“नमुना गेला. पुन्हा आणा.”

“दोरी घट्ट होती हो, ताई.”

“दोरी घट्ट होती, काका. झाकण नव्हतं.”

दुसरा नमुना दुसऱ्या पेटीतून आला. आजार औषधाने बरा होणारा निघाला. पण मधल्या तीन दिवसांत आणखी दोनशे चाळीस कोंबड्या गेल्या.

नवी कडी आठवड्याने आली. ती अजून पाकिटात आहे, पाकीट माझ्या पोटात आणि मी अडगळीच्या खोलीत.

मित्रांनो, सैल कडी दिसली तर त्याच दिवशी बसवून घ्या. तिच्या भरवशावर कुणीतरी फोनजवळ बसलेले असते. अकरा वर्षांत मला एकच उघडा हात लागला. नीट जा, एवढेच त्या हाताने मागितले होते.