म्हातारीची बाज आणि तिसरा चोर

मी एक जुनी बाज आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. सागात मुरलेला राग लवकर निघत नाही.

धसईजवळच्या आमच्या गावात धाऊने मला घडवलं. चारही पाय स्वतः तासले, काथ्याने विणलं. त्याची बायको देवकी बाळंत व्हायची होती ना! माझ्याखाली शेगडी, वर देवकी, तिच्या कुशीत साईनाथ. त्या पोराने पहिल्याच दिवशी मला भिजवलं. मी हूं की चूं केलं नाही.

उन्हाळ्यात मी अंगणात असे. जेवणं झाली की देवकी त्याला सप्तर्षी दाखवी. "ते चार तारे म्हंजे म्हातारीची बाज. मागचे तीन चोर. तिचा डोळा लागला का बाज पळवायची. पण म्हातारी झोपतच नाय!" आभाळात आपलं नाव आहे, हे ऐकून मला केवढा अभिमान वाटे!

साईनाथ शिकला, मुरबाडला नोकरीला लागला. चांगलं झालं. पण त्याला खूळ लागलं. तारे, पुराणं, शब्द, सगळ्यांच्या गाठी मारायच्या. एका पुस्तकात त्याने वाचलं, की दूरच्या कुठल्या मुलखात याच चार ताऱ्यांना तिरडी म्हणतात. झालं! तिरडीपुढे वाजतो तो बाजा, त्यावरून बाज, म्हणजे मी मुळातली तिरडीच! अरे शहाण्या, तिरडीवर कोणी जन्माला येतं का?

त्यातच धाऊ गेला. शेवटचं दुखणं त्याने माझ्यावरच काढलं होतं. साईनाथची बायको नम्रता तेव्हा गरोदर होती. "घरात तिरडी नको," म्हणत त्याने मला गोठ्यामागे फेकलं. कोंबड्या हगल्या माझ्यावर.

अठ्ठ्याण्णवचा शिमगा आला. आमच्याकडे पोरं होळीसाठी लाकडं चोरतात, आणि एकदा होळीवर पडलेलं लाकूड कोणी परत मागत नाही. साईनाथने शेजारच्या अनंताला आणि जैतूला सांगून ठेवलं, "बाज न्या. मी बघितलंच नाय."

देवकीच्या कानावर ते गेलं. तिने मला ओढत अंगणात आणलं आणि डोक्यावरून गोधडी घेऊन माझ्यावर आडवी झाली. दिवेलागणीला अनंता आला, जैतू आला. अंधारात त्यांना वाटलं, माझ्यावर नुसती गोधडी पडली आहे; पण दोघांना मी उचलेना. मग तिसऱ्याने येऊन माझा पाय धरला. तो साईनाथ होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

देवकीने गोधडी भिरकावली. "म्हातारी जागी हाय रे! दोन चोर गावातले, आन तिसरा माज्या पोटचा?"

अनंता-जैतू पळाले. साईनाथ पुटपुटला, "आई, अगो ती तिरडी..."

"तुजी शेगडी हिच्याखाली पेटली व्हती! तिरडी बोलतोस? मंग आधी मला बांद हिच्यावर, आन ने!"

त्याने माझा पाय सोडला. तेवढ्यात नम्रता बाहेर आली, आठवा महिना लागलेली, आणि सासूशेजारी टेकली. "आई, माजं बाळंतपण हिच्यावरच."

दुसऱ्या दिवशी साईनाथने काथ्या आणून मला पुन्हा विणलं. तरी मी त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, ताऱ्यांना हवी ती नावं द्या, पुराणं धुंडाळा, माझी काही ना नाही. पण एखादी वस्तू जाळायला नेण्याआधी, तिच्यावर कोण जन्मलं ते घरात विचारा.

चैत्रात नम्रताला मुलगी झाली. तिनेही पहिल्याच दिवशी मला भिजवलं. तिच्यावर मात्र मला रागावता येईना.