पडद्यामागचं स्टूल

“वैरण भिजली तर गुरं काय नाटक खाणार आहेत?” धाकट्यानं विचारलं आणि कोठाराच्या दारातच भांडण जुंपलं.

बाहेर वैरणीची गाडी उभी होती. कापणी उरकलेल्या रानात ढेकळं उन्हानं तडकली होती, पण पश्चिमेला नको तेव्हा ढग जमले होते. धाकट्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. कोठार दोघा भावांचं. पण दरसाल कापणीनंतर ते रिकामं ठेवायचं, कारण थोरल्याची बायको तिथं गावाचं नाटक बसवायची. अख्खं गाव तिला वहिनीच म्हणायचं. तिला जाऊन महिना होत आला होता.

“वहिनीच्या नावानं एकदा तरी नाटक व्हायला पाहिजे,” शिंपी म्हणाला. तो दरसालचा राजा.

“तू तर बोलूच नको,” धाकटा म्हणाला. “चार पोरांची नावं सांगताना तुझं एक पोर राहून जातं.”

“पाठांतराची काय गरज? दरसालचंच तर नाटक. डोळे मिटून करू.”

“मग आज संध्याकाळीच करा. जमलं तर कोठार कायमचं तुमचं. फजिती झाली तर पडदा काढायचा आणि वैरण आत. दादा, तुला काय वाटतं?”

दादा, म्हणजे थोरला, खुरप्याची माती खरवडत बसला होता. “तुम्ही ठरवा,” तो म्हणाला. हल्ली तो एवढंच म्हणायचा. जेवायला वाढलं की जेवायचा, गुरांना पाणी दाखवायचा, कुणी रडायला लागलं की त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. त्याला वाईट वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. फार वेळ हातावर ओझं धरलं की हाताला मुंग्या येतात, मग त्या मुंग्याही जातात, तसं त्याचं झालं होतं.

वहिनी म्हणजे अजब बाई. लग्न होऊन आली ती गाणं गुणगुणतच, आणि सासूनं कपाळावर हात मारला. पण बाई नुसती गाणारी नव्हती. गावची विहीर गाळानं भरली होती, कुणी हात लावेना. जो तो म्हणायचा, मी एकट्यानंच का? वहिनीनं जाहीर केलं, ज्याला नाटकात काम पाहिजे त्यानं आधी गाळ काढायचा. जेवढा गाळ, तेवढं मोठं काम. हौसेला मोल नसतं. माणसं कंबर कसून विहिरीत उतरली. गाळ संपला तशी शाळेची भिंत आली, मग ओढ्यावरचा साकव आला. एका विधवेचं छप्पर तर नुसत्या शिपायांच्या भूमिकांवर उभं राहिलं.

यात एकच खोट होती. पाट्या उचलणारा दणकट असायचा, पण त्याच्या डोक्यात ओळ टिकेलच असं नाही. शिंप्यानं सगळ्यांत जास्त गाळ काढला म्हणून तो राजा झाला, आणि राजाला दुसरं वाक्य कधीच आठवलं नाही. म्हणून वहिनी बाजूच्या पडद्यामागं स्टुलावर बसून सगळ्यांची वाक्यं हळू आवाजात सांगायची. लिहिलेलं काही नव्हतं, सगळं तिच्या तोंडात. त्यामुळं गावात कुणी पाठ करण्याच्या भानगडीतच पडलं नाही. शेजारी पोत्यावर दादा बसायचा, पडद्याची दोरी धरून. “कला तिची, दोरी माझी,” म्हणायचा आणि डोळे मिटायचा. तो झोपतो अशीच सगळ्यांची समजूत होती.

वहिनी गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टूल रिकामं आहे, हे मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी कोठार खच्चून भरलं. दादानं सवयीनं दोरी ओढली, पडदा वर गेला. शिंपी मुकुट सावरत पुढं आला. “प्रधानजी!” तो गरजला आणि थांबला. प्रधान झालेला गवंडी त्याच्याकडं बघायला लागला, तो गवंड्याकडं. मग दोघांनीही पडद्याआडच्या स्टुलाकडं मान वळवली आणि दोघांची तोंडं उतरली.

कुणीतरी खोकलं. मागं बसलेला धाकटा उठून उभा राहिला.

“राज्यात पाण्याचा थेंब नाही,” पडद्यामागून जाडाभरडा आवाज आला, “आणि तुम्हाला झोप लागते कशी?”

दादा बोलत होता. डोळे मिटलेलेच होते. शिंप्यानं वाक्य झेललं आणि खणखणीत म्हटलं. दादानं पुढचं सांगितलं, त्याच्या पुढचं सांगितलं. जे कानात वर्षानुवर्षं मुरलं होतं ते तसंच्या तसं बाहेर पडत होतं. वहिनी मधेच शिंप्याला दटावायची, तेही दादाच्या लेखी नाटकच होतं.

“आवाज वर, पोट आत,” दादा म्हणाला.

“आवाज वर, पोट आत!” राजा प्रधानावर कडाडला. गवंड्यानं घाबरून पोट आत ओढलं. कोठार हसून हसून दणाणलं. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या, आणि ते नुसत्या हसण्याचं पाणी नव्हतं. दादा मात्र हसला नाही, रडला नाही. तो सांगत राहिला.

शेवटी राजानं स्वतः कुदळ उचलली, राणी झालेल्या दूधवालीनं टोपली घेतली, आणि नाटक संपलं. टाळ्या पडल्या. शिंपी दोन्ही हात वर करून उभा राहिला.

पडदा पडेना.

टाळ्या थांबल्या. पत्र्यावर थेंब वाजायला लागले. धाकटा घाईघाईनं पडद्यामागं आला. “दादा, पाऊस आला. सोड की दोरी! जमलं ना सगळं.”

दादा रिकाम्या स्टुलाकडं बघत होता. दोरी त्याच्या मुठीत घट्ट होती.

“‘सोडा हो आता,’ असं म्हणते ती,” तो म्हणाला. “मग सोडतो मी. अजून म्हणाली नाही.”

धाकटा स्टुलावर टेकायला गेला, थांबला, आणि खाली जमिनीवर बसला.

“वैरण?” दादानं विचारलं.

“भिजू दे.”

बाहेर पावसानं जोर धरला. पडद्याच्या पलीकडं शिंपी अजून हात वर करून उभा होता, आणि घरी जायला कुणी उठत नव्हतं.